अणुकचऱ्याखालचं पाणी: देखरेख स्वस्त करा, पण वही शेजाऱ्याकडे द्या

अणुप्रकल्पाची साफसफाई म्हटली की डोळ्यांसमोर येतात ते पांढरे पोशाख चढवलेले कामगार, पाडल्या जाणाऱ्या इमारती आणि मातीने भरलेले ट्रक. हे काम खर्चिक असतं, पण कधी ना कधी संपतं. जमिनीखालच्या पाण्याचं तसं नाही. मातीतून झिरपून खालच्या थरात उतरलेलं युरेनियम किंवा आयोडीन तिथेच रेंगाळतं, आणि मग पिढ्यान्‌पिढ्या एकच काम उरतं: विहिरीतून पाणी काढायचं, बाटलीत भरायचं, प्रयोगशाळेत पाठवायचं, आलेला आकडा वहीत लिहायचा.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९८९ पासून अण्वस्त्रनिर्मितीत खराब झालेली १०७ ठिकाणं साफ करायला घेतली. त्यातल्या ९० हून अधिक ठिकाणी काम झाल्याची नोंद आहे. पण काम झालं म्हणून विहिरींचं कुलूप कायमचं लावता येत नाही. साफसफाईनंतर राहिलेल्या जागा सांभाळण्यासाठी २००३ मध्ये खात्याला वेगळा विभागच काढावा लागला आणि आज त्याच्याकडे सुमारे १०० जागा आहेत. जे अजून व्हायचं आहे त्याचं एकूण देणं अमेरिकी सरकारच्या स्वतःच्या हिशेबात ५०० अब्ज डॉलरच्या वर गेलंय. त्यात नमुन्यांचा खर्च तसा किरकोळ वाटेल, पण बाकीचे खर्च एकदाचे असतात आणि हा दरवर्षीचा.

ही देखरेख स्वस्त करायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. हे वाचून कपाळावर आठ्या पडणं साहजिक आहे. किरणोत्सारी पाण्याच्या बाबतीत काटकसर? तीही ज्यांनी ते पाणी नासवलं त्यांनी सुचवलेली? तो संशय रास्त आहे आणि त्याच्याकडे मी येणार आहे. पण आधी वर्षांचा हिशेब मांडू. ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, निम्मं व्हायला १२.३ वर्षं लागतात, स्ट्रॉन्शियम-९० ला २९ च्या आसपास. हे दोन्ही माणसाच्या आवाक्यातले. टेक्नेशियम-९९ ला लागतात २ लाख ११ हजार वर्षं आणि आयोडीन-१२९ ला १ कोटी ५७ लाख. घातक कचऱ्याच्या अमेरिकी कायद्यात जागा बंद केल्यानंतरच्या देखभालीची नेहमीची मुदत आहे ३० वर्षं. सरकारी अंदाजपत्रकाची मुदत एक वर्ष. दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावा लागणारा मोठा खर्च शंभर वर्षं सलग चालू राहील, असं समजणं भाबडेपणाचं आहे. युद्ध येईल, मंदी येईल, एखादं सरकार म्हणेल की पन्नास वर्षांत काही झालं नाही, आता पुरे. महाग देखरेख एक दिवस बंद पडते, आणि बहुधा कुणाला पत्ता न लागता बंद पडते.

पैसा नेमका कुठे जातो, हे समजायला एका विहिरीवर जाऊन उभं राहायला हवं. आपल्याकडची दगडी काठाची विहीर इथे मनात आणू नका. ही जमिनीत सोडलेली काही इंच व्यासाची नळी असते, खालच्या टोकाला जाळी, वर कुलूपबंद झाकण. ट्रक येतो, दोघं-तिघं उतरतात. फीत सोडून पाण्याची पातळी मोजतात. मग पंप लावून नळीतलं साचलेलं पाणी उपसतात, कारण नळीत पडून राहिलेलं पाणी भोवतालच्या खडकातल्या पाण्याची खरी गोष्ट सांगत नाही. उपसा चालू असताना बाजूच्या यंत्रावर सामू (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; जितका कमी तितकं पाणी आम्ल), तापमान, विद्युतवाहकता, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन हे आकडे दर काही मिनिटांनी टिपतात. आकडे हलायचे थांबले की बाटल्या भरायच्या. धातूंच्या तपासणीच्या बाटलीत नायट्रिक आम्ल, म्हणजे धातू काचेला किंवा प्लास्टिकला चिकटून बसणार नाहीत. मग बर्फाची पेटी, सील, आणि बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याचा कागद, प्रत्येक टप्प्यावर सहीसकट. दर काही बाटल्यांमागे एक जुळी बाटली आणि एक निव्वळ शुद्ध पाण्याची, प्रयोगशाळेचीच परीक्षा घ्यायला. उपसलेलं पाणी दूषित असेल तर ते तिथेच ओतून देता येत नाही. ते पिंपात भरून न्यायचं आणि त्याची विल्हेवाट लावायची. म्हणजे कचरा मोजायला गेलो आणि नवा कचरा घेऊन आलो.

प्रयोगशाळेत वेगळाच वेळ जातो. स्ट्रॉन्शियम-९० मोजायचं तर आधी रासायनिक पद्धतीने ते बाकीच्यांपासून सुटं करावं लागतं, आणि अनेक पद्धतींत त्यातून तयार होणारं यिट्रियम पुरेसं साठेपर्यंत दिवसचे दिवस थांबावं लागतं. निकाल हातात येईपर्यंत काही आठवडे उलटलेले असतात. त्या विहिरीखाली काही बिघडलं असेल तर हा निकाल वरातीमागून आलेलं घोडं ठरतो.

या सगळ्या धडपडीत एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सामू आणि विद्युतवाहकता हे दोन आकडे ती माणसं जागेवरच, काही मिनिटांत, जवळपास फुकटात मोजत असतात. महाराष्ट्रात माती परीक्षणाचा अहवाल हातात घेतलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला सामू आणि ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, हे दोन रकाने माहीत असतात. इथे मात्र त्या आकड्यांचं काम एवढंच, की बाटली कधी भरायची ते सांगणं. बाटली भरली की ते वहीत जातात आणि विसरले जातात.

नेमक्या याच दोन आकड्यांवर दक्षिण कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर साइटवर सगळा डाव उभा राहिला. ही जागा १९५० च्या दशकात ट्रिटियम आणि प्लुटोनियम तयार करण्यासाठी उभारली. आकार सुमारे ८०० चौरस किलोमीटर, पाच अणुभट्ट्या. तिच्यासाठी एलेंटन नावाचं अख्खं गाव उठवलं गेलं. तिथल्या एफ-एरियात रासायनिक प्रक्रियेतून निघालेलं सौम्य किरणोत्सारी पाणी १९५५ ते १९८८ या काळात उघड्या, तळाला काही न घातलेल्या खड्ड्यांत सोडत. सुमारे ७०० कोटी लिटर. पाणी आम्लधर्मी, नायट्रिक आम्लामुळे नायट्रेटने भरलेलं, आणि सोबत युरेनियम, स्ट्रॉन्शियम-९०, आयोडीन-१२९, टेक्नेशियम, ट्रिटियम. पाणी जमिनीत मुरावं हाच खड्ड्यांचा हेतू होता. मुरेल तेवढं मुरेल आणि किरणोत्सारी मूलद्रव्यं मातीला चिकटून राहतील, असा तेव्हाचा हिशेब. काही चिकटली. बरीचशी फोरमाइल ब्रँच नावाच्या ओढ्याच्या दिशेने निघाली.

खड्डे १९९१ मध्ये चिकणमातीच्या थराने झाकले. १९९७ पासून दूषित पाणी उपसून, शुद्ध करून परत जमिनीत सोडायला सुरुवात झाली. याचा खर्च महिन्याला सुमारे १० लाख डॉलर, आणि शुद्धीकरणातून निघणारा किरणोत्सारी गाळ वेगळाच. २००४ मध्ये ते सोडून दिलं. जमिनीखाली भिंती घालून पाण्याला ठरावीक फटींकडे वळवलं आणि त्या फटींत अल्कधर्मी द्रावण सोडायला लागले. आम्लाच्या पाण्यात मातीच्या कणांवर धनभार असतो, तिथे युरेनियम आणि स्ट्रॉन्शियम टिकत नाहीत, वाहत जातात. सामू वर आला की ते मातीला धरून बसतात. एवढ्या साध्या रसायनशास्त्रावर महिन्याचे लाखो डॉलर वाचले.

पण मग देखरेखीचा प्रश्नही बदलतो. युरेनियम आता जमिनीतून गेलेलं नाही, ते तिथेच बांधून ठेवलंय. बांधणारी दोरी आहे सामू. एखाद्या वर्षी पाऊस धो धो पडला, वरचं झाकण कुठे फुटलं, भूजलाचा प्रवाह वळला आणि सामू पुन्हा घसरला, तर युरेनियम सुटणार. त्यामुळे खरी देखरेख युरेनियमची नाहीच, दोरीची आहे. आणि दोरीवर नजर ठेवायला प्रयोगशाळा लागत नाही. विहिरीत बुडवून ठेवलेला सेन्सर लागतो, जो सामू, विद्युतवाहकता, तापमान आणि पाण्याची पातळी तासातासाला कळवतो.

लॉरेन्स बर्कले आणि सव्हाना रिव्हर या राष्ट्रीय प्रयोगशाळांतल्या शास्त्रज्ञांनी, हारुको वेनराइट त्यांतल्या एक, २०१८ मध्ये या जागेच्या जुन्या नोंदींवर हे तपासून प्रसिद्ध केलं. विद्युतवाहकता नायट्रेटमुळे वाढते, नायट्रेट आणि ट्रिटियम एकाच खड्ड्यातून निघालेले. सामू युरेनियमच्या हालचालीला लगाम घालतो. तेव्हा या स्वस्त आकड्यांवरून महागड्या आकड्यांचा अंदाज बांधता यावा. त्यांनी त्यासाठी काल्मन फिल्टर वापरला. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाची जागा ठरवायला वापरलेलं हेच गणित: अंदाज बांधायचा, नवं मोजमाप आलं की अंदाज सुधारायचा. अंदाज आणि प्रत्यक्ष नमुने चांगले जुळले. पुढे याच दिशेने आल्टेमिस नावाचा मोठा प्रकल्प उभा राहिला.

इथपर्यंत गोष्ट सुखाची आहे. पण ती एवढीच सांगून थांबणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

ट्रिटियमचं घ्या. ते पाण्यात विरघळलेलं नसतं, ते पाणीच असतं. हायड्रोजनच्या जागी त्याचाच जड भाऊ बसलेला. त्यामुळे विहिरीत टाकून ट्रिटियम मोजेल असा साधा इलेक्ट्रोड नाही. ईसीवरून ट्रिटियमचा अंदाज बांधता आला तो दोघं एकत्र निघाले म्हणून. उद्या दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या की अंदाज कोलमडेल. आयोडीनचं तर उलटंच. सामू वाढवला की युरेनियम मातीला चिकटतं, पण आयोडीनची पकड ढिली होते. त्यासाठी एफ-एरियात सिल्व्हर क्लोराइड जमिनीत सोडून आयोडीन अडवायचा वेगळा उपाय करावा लागला. सामूच्या सेन्सरवर सगळं हिरवं दिसत असताना आयोडीन निवांत ओढ्याकडे चाललेलं असू शकतं. शिवाय सेन्सर हे यंत्र आहे. काचेच्या इलेक्ट्रोडचा आकडा हळूहळू सरकतो, त्यावर शेवाळासारखा थर चढतो, बॅटरी संपते, केबल कुरतडली जाते. आकडा बरोबर येतोय ना ते पडताळून जुळवायला, म्हणजे कॅलिब्रेशनसाठी, माणूस जावाच लागतो. सेन्सर लावले की विहिरीवरची फेरी संपली, असं सांगणारा विक्रेता असतो, भूजलतज्ज्ञ नसतो.

म्हणून मला हवी आहे ती अदलाबदल अशी: सेन्सर रोज पहारा देईल, आणि काही हललं की बाटली जाईल. आज बाटली कॅलेंडर पाहून जाते. तिमाही आली, ट्रक निघाला. जमिनीखालच्या पाण्याला तिमाही कळत नाही.

हे किती महत्त्वाचं आहे, ते हॅनफर्डच्या ३०० एरियाने दाखवून दिलं. वॉशिंग्टन राज्यातलं हॅनफर्ड म्हणजे अमेरिकेच्या अणुकचऱ्याची सगळ्यात मोठी जागा. कोलंबिया नदीकाठी नऊ अणुभट्ट्या, जमिनीखाली १७७ टाक्या, आणि प्लुटोनियम बनवण्याच्या काळात मातीत सोडलेलं अब्जावधी लिटर सांडपाणी. ३०० एरिया या जागेच्या दक्षिण टोकाला आहे. तिथे अणुभट्ट्यांसाठी युरेनियमचं इंधन तयार होई आणि त्याचं सांडपाणी नदीजवळच्या तळ्यांत आणि चरांत जाई. १९९० च्या दशकात वरची दूषित माती काढली. खालच्या पाण्यातल्या युरेनियमबद्दल संगणकी प्रारूपाने सांगितलं की ते आपोआप, तीन ते दहा वर्षांत, मर्यादेखाली येईल. १९९६ च्या अधिकृत निर्णयात ठरलं: काही करायचं नाही, फक्त पाहत राहायचं.

दहा वर्षं गेली. युरेनियम जिथल्या तिथे.

झालं होतं ते असं. नदीची पातळी वरच्या धरणामुळे दिवसागणिक खाली-वर होते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ वितळलं की चांगलीच चढते. नदी चढली की काठालगतचं भूजलही चढतं. ते वरच्या, एरवी कोरड्या राहणाऱ्या मातीत शिरतं, आणि त्या मातीत काढायचं राहून गेलेलं युरेनियम धुऊन खाली आणतं. प्रारूपाच्या हिशेबात हा पुरवठा धरलाच नव्हता. नदीचं पाणी भूजलापेक्षा कमी विद्युतवाहक असतं, त्यामुळे विहिरीत ईसीचा सेन्सर असेल तर नदी कुठवर आत शिरली ते तासातासाने दिसतं. ते पुढे तिथे दिसलंही. वर्षातून दोन-चार बाटल्यांनी मात्र ते दिसलं असतं की नाही, हे बाटली कुठल्या आठवड्यात भरली यावर अवलंबून. शेवटी २०१५ पासून मातीत फॉस्फेट सोडून युरेनियम बांधण्याचा उपाय करावा लागला.

या गोष्टीतून सेन्सरवाले आपला धडा घेतात, आणि तो बरोबर आहे. पण दुसरा धडा त्यांना फारसा सोयीचा नाही. प्रारूप चुकलं हे कळलं, कारण विहिरी चालू होत्या. दहा वर्षांत प्रश्न आपोआप सुटणार असं संगणक सांगत असताना कोणी खर्चाचं कारण देऊन त्यातल्या निम्म्या विहिरी बंद केल्या असत्या, तर प्रारूपाला खोटं ठरवणारा साक्षीदारच उरला नसता. आज विहिरींची संख्या कमी करण्याचं शास्त्र चांगलं पुढे गेलंय. कुठली विहीर वगळली तर दूषित पट्ट्याचा नकाशा फारसा बदलत नाही, हे गणिताने काढता येतं, त्यासाठी तयार सॉफ्टवेअरही आहेत. पण तो नकाशा आजचा असतो. उद्या प्रवाह वळला तर आज फालतू वाटणारी विहीरच कामाची ठरेल.

काटकसर कुठे करायची यावर म्हणून माझं मत जरा आडमुठं आहे. ती पट्ट्याच्या मधोमध करा. तिथे पाणी दूषित आहे हे वीस वर्षं सगळ्यांना माहीत आहे, आणि तिथेच विहिरींची दाटी असते, कारण सुरुवातीला तिथेच शोध चालला. काठावरच्या, नदीच्या बाजूच्या, गावाच्या बाजूच्या विहिरींना हात लावू नका, त्यांत वर्षानुवर्षं शून्य येत असलं तरीही. त्या शून्यासाठीच तर त्या खणल्या. तपासनीस मध्यावरच्या दहा विहिरींत तोच आकडा दहा वेळा मोजतात आणि कडेची विहीर 'काही सापडत नाही' म्हणून यादीतून गळते, तेव्हा आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते.

आता त्या संशयाकडे. देखरेखीचा खर्च हा तांत्रिक प्रश्न आहे असं मानणाऱ्यांनी ओहायोतलं फर्नाल्ड आठवावं. १९५० च्या दशकापासून तिथे अण्वस्त्रांसाठी युरेनियम धातू तयार होत असे. कारखान्याबाहेरच्या काही खासगी विहिरींत युरेनियम आहे, हे सरकारी यंत्रणेला १९८१ मध्ये कळलं होतं. त्या विहिरींचं पाणी पिणाऱ्या कुटुंबांना ते कळलं १९८४ मध्ये. मधल्या काळात तेच पाणी बाटलीत भरलं, आणि तेच मुलांच्या पेल्यातही गेलं. पुढे शेजाऱ्यांनी दावा लावला आणि १९८९ मध्ये ७ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. फर्नाल्डची साफसफाई २००६ मध्ये ४४० कोटी डॉलर खर्चून संपली, तिथे आज पाणथळ जागा आणि पक्षी आहेत, आणि खालचं पाणी उपसून शुद्ध करणं अजून चालूच आहे.

फर्नाल्डमध्ये देखरेख झाली नव्हती असं नाही. नमुने घेतले होते, आकडा आला होता. पण वही मालकाच्या कपाटात होती. तिथे दुप्पट विहिरी आणि दुप्पट बाटल्या असत्या तरी त्या कुटुंबांना तीन वर्षं तेवढीच कोरडी गेली असती. कुंपणच शेत खात असेल तर कुंपण किती महाग आहे हे विचारून काय उपयोग?

आणि माणसाने हाताने घेतलेला नमुना म्हणजे खरा, हा समजही तपासायला हवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या हंटर्स पॉइंट या जुन्या नौदल गोदीत किरणोत्सारी मातीचे नमुने तपासण्याचं काम एका कंत्राटदार कंपनीकडे होतं. भलत्याच जागेची स्वच्छ माती नमुना म्हणून पाठवल्याच्या प्रकरणात तिच्या दोन माजी पर्यवेक्षकांना २०१८ मध्ये कैदेची शिक्षा झाली. सह्यांचे सगळे कागद जागेवर होते. तिथे मातीचा प्रश्न होता, पाण्याचा नव्हे, पण माणूस तोच. तासातासाला आकडा पाठवणाऱ्या सेन्सरला फसवता येत नाही असं नाही. पण एका दुपारी चार बाटल्या बदलण्याइतकं ते सोपं नाही, कारण शेजारच्या विहिरी, पाऊस आणि नदीची पातळी यांच्याशी तो आकडा सतत जुळावा लागतो.

हॅनफर्डला १८५५ च्या करारांनी कोलंबिया नदीत मासेमारीचा हक्क राखून ठेवलेली याकामा, उमाटिला, नेझ पर्स ही मूळ अमेरिकी आदिवासींची राष्ट्रं आहेत. अणुभट्ट्या थंड करणाऱ्या पाण्याने गंज लागू नये म्हणून त्यात टाकलेलं क्रोमियम नदीकाठी पाझरतं, आणि सालमन माशांची अंडी आणि पिल्लं नदीच्या तळाच्या वाळूगोट्यांत, त्याच पाझराच्या तोंडाशी असतात. माणसाच्या पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा तिथे अपुरी पडते. जलचरांसाठी ती कितीतरी कडक, लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. कुठली विहीर अनावश्यक, याचं उत्तर वॉशिंग्टन शहरातल्या हिशेबनिसाचं वेगळं असेल आणि त्या नदीतला मासा खाणाऱ्याचं वेगळं. दोन्ही उत्तरं गणिताला धरून असू शकतात. फरक एवढाच, की चूक झाली तर ती एकाच्या ताटात पडते.

तेव्हा माझी मागणी तंत्रापेक्षा अधिकाराची आहे. सेन्सर लावा, बाटल्या कमी करा. पण सेन्सरचा कच्चा आकडा ज्या तासाला खात्याच्या पडद्यावर येतो त्याच तासाला तो शेजारच्या गावालाही दिसला पाहिजे. चाळून, सरासरी काढून, वार्षिक अहवालात बांधून नव्हे. कुठलीही विहीर बंद करायची तर राज्याच्या नियामकाची आणि ज्यांचं पाणी त्या बाजूला आहे त्यांची लेखी संमती हवी. आणि वाचलेला पैसा त्याच जागेच्या नावाने राखून ठेवला पाहिजे. या जागांचं काम कंत्राटदार करतात, आणि कंत्राटात ठरलेली कामं वेळेत आणि कमी खर्चात केली की बक्षिशी मिळते. विहिरी कमी केल्याबद्दल कोणाला बक्षिशी मिळणार असेल तर तिथे सेन्सर नव्हे, कात्रीच चालते. वाचलेले पैसे शंभर वर्षांनंतरच्या बाटलीसाठी बाजूला पडणार असतील, तर शेजारीच उद्या स्वतःहून म्हणतील की ही मधली विहीर बंद करा. लोक काटकसरीच्या विरोधात नसतात. काटकसरीचा फायदा एकाला आणि जोखीम दुसऱ्याला, याच्या विरोधात असतात.

यावर तज्ज्ञांचा आक्षेप मला माहीत आहे: कच्चे आकडे दाखवले तर इलेक्ट्रोड बिघडला तरी लोक घाबरतील, वर्तमानपत्रं मथळे करतील. होईल तसं. पहिल्या वर्षी दोन-चारदा होईल. मग लोक शिकतील, जसे धरणाच्या पाणीसाठ्याचे आकडे वाचायला शिकले. भीती आकड्यांनी येत नाही, आकडे उशिरा कळल्याने येते, हे फर्नाल्डच्या शेजाऱ्यांना विचारावं.

आपल्याकडे या वादाचा पहिलाच टप्पा यायचा आहे. तारापूरचं वीजकेंद्र १९६९ पासून चालू आहे. अशा प्रत्येक केंद्राजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते. ती हवा, पाणी, मासे, भाजीपाला यांचे नमुने तपासते. झारखंडच्या जादुगुडात १९६० च्या दशकापासून युरेनियम काढलं जातंय, आणि खनिज दळून उरलेला गाळ तळ्यांत साठवला जातो, आजूबाजूला आदिवासी गावं. नमुने तिथेही घेतले जातात. पण तपासणारा आणि चालवणारा एकाच खात्याच्या छपराखाली, आणि १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने सरकारला माहिती राखून ठेवण्याचे मोठे अधिकार दिले. आपल्याकडे देखरेख महाग आहे की स्वस्त, हे ठरवायलाही आकडे बाहेर यावे लागतील.

तंत्र मात्र आपल्या दाराशी येऊन उभं आहे. केंद्रीय भूजल मंडळ देशभरातल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा माणूस पाठवून मोजत आलं. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पात त्यातल्या अनेक विहिरींत पातळी आपोआप नोंदवून पाठवणारी यंत्रं बसू लागली, आणि भूजल पातळीचे आकडे सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. विदर्भातल्या विहिरीची पातळी मुंबईत बसून पाहता येते, तर तारापूरच्या कुंपणाबाहेर आणि जादुगुडाच्या गाळतळ्यांखाली आठ-दहा विहिरी घेऊन त्यांचा सामू आणि ईसी त्याच नकाशावर टाकायला अडचण कसली? त्यात कुठलंही अणुगुपित नाही. खर्च एखाद्या जिल्हा कार्यालयाच्या रंगकामाएवढा. सुरुवात कुंपणाबाहेरच्या विहिरींपासून करावी, कारण आत काय आहे ते आतल्यांना ठाऊकच आहे.